प्रश्न हाती नसेल, तर प्रबंध कशाचा?

वाचकांची पत्रे आणि त्यांना उत्तरे

सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पदव्युत्तर संशोधनाविषयीची काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एम. ए.च्या अभ्यासक्रमातच संशोधन प्रकल्प आल्यामुळे, पूर्वी पीएच. डी. करणाऱ्यांपुढे येणाऱ्या अडचणी आता विशी-बाविशीतल्या विद्यार्थ्यांपुढेही उभ्या राहत आहेत, आणि त्या सोडवण्याची तयारी मात्र त्यांच्याकडून फारशी कुणी करून घेतलेली नसते. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी समाजशास्त्रात एम. ए. करते. आमचे घर सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्लीत आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो. ‘सोलापूरचा वस्त्रोद्योग : एक अभ्यास’ हा विषय मी लघुशोधप्रबंधासाठी घेतला आहे. वर्षभर वाचन केले, टिपणांच्या जाड वह्या भरल्या; पण लिहायला बसले की पहिले पानही पुरे होत नाही. माझे वाचन कमी पडते आहे का? आणखी किती वाचावे?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : तुमचे वाचन कमी पडलेले नाही. ज्या विषयाभोवती ते चालले आहे त्याला हद्दच नाही, ही खरी अडचण आहे. तुमच्या शीर्षकात १८७७ साली उभ्या राहिलेल्या जुन्या गिरणीपासून आजच्या टेरी टॉवेलपर्यंत, पेठांमधल्या हातमागांपासून अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीपर्यंत सगळेच बसते. आणि सगळेच बसत असल्यामुळे कोणते पुस्तक वाचायचे, कोणते बाजूला ठेवायचे, वाचलेल्यातले काय टिपायचे, हे ठरवण्याचा निकष तुमच्या हाती राहत नाही. मग जे सापडेल ते उतरवून घेतले जाते, वह्या भरतात, आणि लिहिण्याची वेळ आली की त्या वह्या गप्प राहतात, कारण त्यांना कुणी काही विचारलेलेच नसते. प्रबंध म्हणजे एका नेमक्या प्रश्नाला पुराव्यानिशी दिलेले उत्तर. तो प्रश्न एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहिता येत नाही तोवर लेखन सुरू होणार नाही, आणि झाले तरी ते दुसऱ्यांच्या पुस्तकांचा गोषवारा होऊन बसेल.

असा प्रश्न मार्गदर्शकांकडून आयता मागू नये. तो वाचतानाच सापडतो, आणि बहुधा जिथे दोन लेखकांचे म्हणणे एकमेकांशी जुळत नाही अशा जागी सापडतो. तुमच्याच विषयातले उदाहरण घेऊ. गिरण्या आल्या आणि हातमाग बुडाला, असे विधान पुष्कळ ठिकाणी एका ओळीत केलेले असते. आपण ते वाचून पुढे जातो, कारण ते आपल्याला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटते. पण सोलापूर हे गिरण्यांचे शहर म्हणून नावारूपाला आले त्याच काळात, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, ते पश्चिम भारतातल्या हातमागाच्या मोठ्या केंद्रांपैकीही एक होते, ही गोष्टही तितकीच नोंदलेली आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी असतील? येथे वाचन थांबवून समासात खूण केली पाहिजे. गिरणी कापड विणून हातमागाशी स्पर्धा करते, हे खरे; पण गिरणीत काढलेले सूत हातमागवाल्याला जवळच उपलब्ध होते, हेही खरे, आणि काठापदराच्या लुगड्यांचे गिऱ्हाईक साध्या थानाच्या गिऱ्हाइकापेक्षा वेगळे असते. मग ‘गिरण्यांच्या शहरात हातमाग कोणत्या वस्त्रांच्या आधारावर टिकला, आणि पुढे त्याच घरांत यंत्रमाग कुणाच्या भांडवलावर आला?’ असा प्रश्न समोर येतो. एम. ए.च्या विद्यार्थिनीला तोही मोठाच आहे. त्याचा उत्तरार्ध एका पेठेपुरता, एका पिढीपुरता घेतला तरी लघुशोधप्रबंधाला पुरून उरेल.

चिकित्सक वाचन म्हणजे लेखकाच्या चुका शोधणे, असा समज विद्यार्थ्यांमध्ये दिसतो आणि त्यामुळे काही जण बिचकतात, तर काही जण उगाच आक्रमक होतात. वास्तविक अपेक्षा एवढीच असते की प्रत्येक विधानापाशी ते कोण करतो आहे, केव्हा, कुणासाठी आणि कशाच्या आधारावर, हे विचारले जावे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोलापूर जिल्ह्यावरचा खंड १८८४ साली प्रसिद्ध झाला. तुमच्या वह्यांत त्यातली टिपणे असणारच. त्या वेळी पहिल्या गिरणीला जेमतेम सात वर्षे झाली होती; तेव्हा गिरण्यांमुळे शहर कसे बदलले, या मुद्द्यावर तो ग्रंथ साक्षीदार होऊच शकत नाही, गिरणीपूर्व सोलापूर कसे होते यावर मात्र त्याची साक्ष मोलाची आहे. तो इंग्रज प्रशासनाने आपल्या कारभारासाठी तयार करवून घेतला. पिके, बाजार, रस्ते, महसूल यांविषयी तो बारकाईने लिहितो, कारण त्या माहितीवर त्यांचा कारभार चालत होता. पण एखाद्या जातीच्या ‘स्वभावा’विषयी तो बोलू लागतो तेव्हा आपल्यासमोर ती जात नसते, तिच्याकडे पाहणारा अधिकारी असतो. संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा १८७१ सालचा, म्हणजे याच काळातला आहे. त्या दृष्टीचे परिणाम सोलापूरच्या सेटलमेंटमधल्या, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवणाऱ्या वसाहतीतल्या, तारेच्या कुंपणाआड अनेक कुटुंबांनी १९५२ पर्यंत भोगले. असे असूनही त्या खंडातली वर्णने आजच्या प्रबंधांत जशीच्या तशी ‘सामाजिक पार्श्वभूमी’ म्हणून उतरवलेली दिसतात, तेव्हा वाईट वाटते. ती वर्णने उद्धृत करण्यास हरकत नाही. पण ती राज्यकर्त्यांच्या दृष्टीचा पुरावा म्हणून यावीत, लोकांच्या जीवनाचा पुरावा म्हणून येऊ नयेत.

दुसरी एक सवय लावून घ्या. एकच आकडा किंवा एकच वाक्य पाच पुस्तकांत सापडले, तर तुमच्याकडे पाच पुरावे आले असे समजू नका. त्या पाचही लेखकांनी तळटीपेत कुणाचा हवाला दिला आहे ते पाहत मागे मागे जा. पुष्कळदा पाचही वाटा एकाच जुन्या ग्रंथापाशी जाऊन मिळतात, आणि कधी कधी त्या ग्रंथात ते विधान मुळात ‘असे म्हणतात’ या शब्दांनी सुरू झालेले असते. विणकर कुटुंबे तेलंगणातून सोलापुरात का आणि केव्हा आली, या प्रश्नावर तुम्हाला दुष्काळ, गिरणीतली नोकरी, नातलगांचा आधार अशी वेगवेगळी कारणे वाचायला मिळतील. त्यांतले एक निवडून बाकीची गाळू नका. प्रत्येक कारण खरे असेल तर काय दिसायला हवे, असे विचारा. दुष्काळ हेच मुख्य कारण असेल, तर स्थलांतर ठरावीक वर्षांत एकदम वाढलेले दिसायला हवे. नातलगांचा आधार हे कारण असेल, तर ते संथपणे, ठरावीक गावांतून ठरावीक पेठांत होत राहिलेले दिसायला हवे. जनगणनेच्या अहवालांतले मातृभाषेचे आकडे दर दहा वर्षांनी पडताळून पाहिले, तर यातले काही तपासता येते.

आकड्यांच्या बाबतीत मात्र एक सावधगिरी हवी. धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने गोखले अर्थशास्त्र संस्थेने सोलापूर शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली आणि ती १९६५ साली ग्रंथरूपाने आली. तुमच्या विषयाला ती टाळून चालणारच नाही. पण तिच्यातला आकडा आजच्या आकड्याशेजारी मांडण्याआधी, त्या पाहणीत ‘कुटुंब’ कशाला म्हटले आहे, घरी कांड्या भरणारी बाई ‘कामगार’ धरली आहे की नाही, शहराची हद्द कोणती मानली आहे, हे तपासा. व्याख्या बदलली की आकडा बदलतो, आणि मग परिस्थिती बदलली नसतानाही ती बदलल्याचा निष्कर्ष निघतो.

आता तुमच्या जमेच्या बाजूविषयी. तुमच्या घरात तेलुगू बोलतात ही गोष्ट तुम्ही पत्रात एका वाक्यात सांगून टाकली आहे, पण या विषयावर काम करणाऱ्या किती अभ्यासकांना पूर्व भागातल्या वृद्ध विणकराशी त्याच्या भाषेत बोलता येते? ज्ञातिसंस्थांची जुनी इतिवृत्ते, लग्नपत्रिका, स्मरणिका, मागवाल्यांच्या हिशेबवह्या यांपर्यंत तुम्ही पोहोचू शकता. तुमचा प्रबंध जिथे इतरांपेक्षा वेगळा होईल ती जागा बहुधा हीच आहे.

पूर्वीचे प्रबंध शोधताना एक लक्षात ठेवा. सोलापूरचे विद्यापीठ २००४ साली स्थापन झाले. त्यापूर्वी, १९६२ पासून, इथली महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी जोडलेली होती. त्यामुळे सोलापूरवरचे जुने प्रबंध कोल्हापुरात पाहावे लागतील, आणि त्याही आधीचे काही पुण्यात व मुंबईत सापडण्याची शक्यता आहे. ‘शोधगंगा’वर देशभरातले पीएच. डी.चे प्रबंध विनामूल्य वाचता येतात. पण तिथे एखादा प्रबंध नाही म्हणून त्या विषयावर काम झालेलेच नाही, असे प्रस्तावनेत लिहून टाकू नका. शहरातल्या हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयाचे कपाट धुंडाळणेही तितकेच आवश्यक आहे.

तूर्त नवे पुस्तक हाती घेऊ नका. भरलेल्या वह्या पुन्हा वाचा आणि प्रत्येक टिपणाशेजारी दोनच गोष्टी लिहा : हे म्हणणे कुणाचे, आणि त्याचा आधार कोणता. ज्या टिपणाशेजारी आधार लिहिता येणार नाही, ते प्रबंधात घेऊ नका. ज्या दोन टिपणांमध्ये विरोध दिसेल, ती वेगळ्या पानावर समोरासमोर मांडा. अशी चार-सहा पाने झाली की त्यांतूनच तुमचा प्रश्न निवडता येईल, आणि तो मार्गदर्शकांपुढे ठेवून शीर्षक बदलून घ्या. नोंदणीनंतर शीर्षकात बदल करण्याची रीतसर सोय सहसा असते. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

प्रश्न : माझा विषय १९३० सालचा सोलापूरचा मार्शल लॉ हा आहे. सरकारी कागदपत्रे जे सांगतात आणि शहरातली वडीलधारी मंडळी आपल्या आईवडिलांकडून ऐकलेले जे सांगतात, त्यांत फार अंतर आहे. मृतांचा आकडासुद्धा जुळत नाही. मी कुणाचे खरे मानू? मुलाखती घेतल्या तर परीक्षक त्यांना पुरावा मानतील का?
— इतिहासाचा विद्यार्थी, सोलापूर

उत्तर : ‘कुणाचे खरे मानू?’ असे विचारले की दोघांपैकी एकाला खोटे ठरवावे लागते. त्याऐवजी कोणत्या गोष्टीवर कुणाची साक्ष चालेल, असे विचारून पाहा.

चौकट तुम्हाला माहीत आहेच, वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गांधीजींना ५ मे १९३० रोजी अटक झाल्यानंतर सोलापुरात असंतोष पसरला, ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला आणि जमावाचा उद्रेक झाला, अधिकारी शहर सोडून गेले, आणि १२ मेपासून शहरावर लष्करी कायदा लादण्यात आला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

कोणता हुकूम कोणत्या दिवशी निघाला, किती जणांवर खटले चालले, कोणत्या कलमाखाली शिक्षा झाली, या गोष्टी सरकारी कागदांतून घ्याव्यात. त्या त्यांच्याच कारभारातल्या आहेत आणि त्यांची नोंद ठेवणे त्यांना भाग होते. पण गोळीबार कितपत आवश्यक होता, हे त्याच कागदांना विचारताना, ज्याने तो केला तोच येथे खुलासा देतो आहे, हे विसरता येणार नाही. मृतांचा आकडाही याच वर्गातला : तो कमी दाखवण्यात सांगणाऱ्याचे हित होते. म्हणून सरकारी आकडा, काँग्रेसच्या बाजूने सांगितलेला आकडा आणि स्थानिक परंपरेतला आकडा शेजारी शेजारी मांडा, प्रत्येकाचा उगम सांगा, आणि ते जुळत नाहीत हे स्पष्ट लिहा. सरासरी काढू नका, किंवा मनाला पटेल तो आकडा उचलू नका. परीक्षकाला अनिर्णित प्रश्न खटकत नाही. पुराव्याविना दिलेला निर्णय त्याला खटकतो.

मौखिक आठवणींचे बलस्थान वेगळे आहे. अधिकारी शहर सोडून गेल्यानंतरच्या दिवसांत रस्त्यावर काय चालले होते, दुकाने उघडी होती का, लोक त्याला स्वराज्य म्हणत होते की त्यांना भीती वाटत होती, गांधी टोपी घालून बाहेर पडणे म्हणजे काय होते, हे कागदपत्रांत क्वचित सापडेल. तुम्ही ज्यांच्याशी बोलणार आहात ते साक्षीदार नाहीत, साक्षीदारांची मुले-नातवंडे आहेत. म्हणून त्यांचे कथन १९३० विषयीचा थेट पुरावा ठरत नाही. पण सोलापूरने ते दिवस कसे स्मरणात ठेवले, याचा तो अस्सल पुरावा आहे, आणि तो स्वतंत्र प्रकरणाचा विषय होऊ शकतो. मुलाखत घेताना तारीख, ठिकाण, सांगणाऱ्याचे वय, त्याने ते कुणाकडून ऐकले आणि त्याची संमती, हे सगळे नोंदवा. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळ वाचलेला मजकूर किंवा शाळेतल्या भाषणात ऐकलेले वाक्य त्याच्या आठवणीत मिसळले असेल का, हाही प्रश्न विचारा. त्याने त्या माणसाचा अवमान होत नाही.

वर्तमानपत्रांविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. त्या महिन्यांतल्या अंकांत एखाद्या घटनेचा उल्लेख नाही, यावरून ती घडली नाही असे अनुमान काढू नका. २७ एप्रिल १९३० रोजी सरकारने वृत्तपत्रांवर निर्बंध घालणारा वटहुकूम काढला होता, आणि सोलापुरात तर त्यावर लष्करी कायद्याची भर पडली. संपादकाने काय छापले याच्याइतकेच त्याला काय छापता आले नसते, हेही लक्षात घेऊन ते अंक वाचावे लागतात.

तुम्ही सोलापूरचे आहात आणि त्या चौघांविषयी तुमच्या मनात आदर आहे, हे पत्रातून जाणवते. तो आदर बाजूला ठेवण्याची गरज नाही. तो मनात असताना सरकारी बाजू तिच्या पूर्ण ताकदीनिशी मांडून मग तिचे परीक्षण करा. तुमचे प्रतिपादन त्याने अधिक भक्कम होईल.

प्रश्न : आमच्या विषयातल्या एका नामवंत लेखकाचे मत मला पुराव्याला धरून वाटत नाही. माझे मार्गदर्शक त्यांना गुरुस्थानी मानतात. विद्यार्थ्याने असे मत खोडावे का?
— अक्कलकोट

उत्तर : खोडावे, पण आधी ते नीट मांडावे. आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, आधी येतो आणि उत्तरपक्ष, म्हणजे त्याला दिलेले उत्तर, नंतर. आणि पूर्वपक्ष असा मांडायचा की तो मानणाऱ्यानेही ‘होय, मला हेच म्हणायचे आहे’ असे म्हणावे. तुम्ही त्या लेखकाचे म्हणणे एका परिच्छेदात, त्यांनी दिलेल्या कारणांसह लिहून काढा आणि ते मार्गदर्शकांना दाखवा. ते त्यांना मान्य झाले, तर पुढचा परिच्छेद ऐकण्याची त्यांची तयारी तिथेच होते.

मग असहमती नेमकी कशाशी आहे ते वेगळे करा. लेखकाने वापरलेले साधन चुकीचे आहे, की साधन बरोबर असून अनुमान जास्त ताणले आहे, की त्यांच्या वेळी उपलब्ध नसलेला कागद आता उपलब्ध झाला आहे? या तिसऱ्या प्रकारात तर त्यांच्या कर्तृत्वाला यत्किंचितही बाधा येत नाही. ‘अमुक यांचे मत चुकीचे आहे’ असे वाक्य प्रबंधात सहसा लागतच नाही. ‘अमुक यांनी ज्या तीन गावांच्या आधारे हा निष्कर्ष काढला, ती तिन्ही गावे उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातली आहेत, कोरडवाहू गावांत तो लागू पडतो का हे तपासलेले नाही’ अशा वाक्यात आदरही राहतो आणि तुमच्या संशोधनाची जागाही तयार होते. मार्गदर्शकांचा विरोध यानंतरही राहिला, तर त्यांचे कारण समजून घ्या. ते कारण तुमच्या मांडणीतला खराखुरा दोष दाखवत असण्याची शक्यता मोठी असते.

प्रश्न : प्रबंध सादर करण्यापूर्वी साम्य तपासणी होते, म्हणजे त्यातला किती मजकूर इतरांच्या लेखनाशी जुळतो हे यंत्राने पाहिले जाते. दहा टक्क्यांच्या आत राहिले की झाले, असे मित्र सांगतात. मी इंग्रजी पुस्तकांतले उतारे मराठीत आणले आहेत, ते तर यंत्राला सापडणारच नाहीत. तरीही संदर्भ द्यावा लागेल का?
— बार्शी

उत्तर : लागेल, आणि हे थोडे कठोरपणे सांगावे लागते आहे. दुसऱ्याचा विचार स्वतःचा म्हणून मांडणे हे वाङ्मयचौर्य आहे. तो कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत आणला, याने त्यात फरक पडत नाही. यंत्राला सापडले नाही तरी विषय जाणणाऱ्या परीक्षकाला ते पहिल्या पानावर सापडते, कारण अनुवादित वाक्याची घडण लपत नाही.

नियम असे आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यावर दंड नाही. दहाच्या वर चाळीसपर्यंत असल्यास सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत सादर करावी लागते. चाळीसच्या वर साठपर्यंत असल्यास वर्षभर सुधारित प्रत सादर करता येत नाही. आणि साठच्या वर गेल्यास नोंदणी रद्द होते. रीतसर संदर्भ देऊन घेतलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर हे या मोजणीतून वगळले जाते. तेव्हा अवतरण देण्याची भीती बाळगण्याचे कारणच नाही. दहा टक्के ही यंत्राच्या अहवालाची मर्यादा आहे. तेवढे उचलण्याचा परवाना म्हणून तिच्याकडे पाहणाऱ्याने तो विनियम नीट वाचलेला नाही.

उपाय टिपण घेतानाच करावा लागतो. मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवले, तर त्याच क्षणी अवतरणचिन्ह आणि पान क्रमांक टाका. आशय स्वतःच्या शब्दांत लिहायचा असेल, तर पुस्तक मिटून लिहा, मग उघडून ताडून पाहा, आणि तरीही पान क्रमांक टाका. स्वतःला सुचलेला विचार वेगळ्या शाईने लिहा. सहा महिन्यांनी वहीतले कोणते वाक्य कुणाचे हे कुणालाच आठवत नाही, आणि नकळत होणारी चोरी तिथूनच होते.

प्रश्न : कृत्रिम बुद्धिमत्तेकडून साहित्याचा आढावा लिहून घेतला तर चालेल का? वेळ फार वाचतो.
— पंढरपूर

उत्तर : चालणार नाही. विद्यापीठाची परवानगी हा मुद्दा क्षणभर बाजूला ठेवला तरी दोन कारणे उरतात. ही साधने अस्तित्वात नसलेली पुस्तके आणि लेख, लेखकाच्या नावासह आणि वर्षासह, अगदी खरे वाटावेत असे रचून देतात. तसा एक संदर्भ जरी सूचीत गेला तरी बाकीच्या सगळ्या सूचीवरचा विश्वास उडतो. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. आढावा लिहिताना ग्रंथ एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात आणि त्यातूनच तुमचा प्रश्न तयार होतो; तो आढावा दुसऱ्याने लिहिला, तर तुमच्या हाती प्रकरण येईल पण प्रश्न येणार नाही, आणि मौखिक परीक्षेत पहिल्याच उपप्रश्नाला ते उघड होईल. शुद्धलेखन तपासण्यासाठी किंवा अवघड इंग्रजी परिच्छेदाचा ढोबळ अर्थ लावण्यासाठी साधन वापरलेत, तर विद्यापीठाचे आणि विभागाचे धोरण पाहून तसे प्रबंधात नमूद करा, आणि मूळ परिच्छेद स्वतः वाचल्याशिवाय त्याचा आधार घेऊ नका.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे आणि नोकरी सांभाळून पीएच. डी. करते. शाळा, घर आणि परीक्षांची कामे यांतून लिहायला सलग वेळ मिळत नाही. प्रकरणे कोणत्या क्रमाने लिहावीत? प्रस्तावनेवरच मी अडकले आहे.
— करमाळा

उत्तर : प्रस्तावना सोडून द्या, ती सगळ्यात शेवटी लिहायची असते. जे काम अजून झालेले नाही त्याची ओळख करून देण्याचा प्रयत्न तुम्ही करत आहात, म्हणून ती पुढे सरकत नाही. संशोधन पद्धतीचे प्रकरण आधी घ्या : कोणती गावे किंवा शाळा निवडल्या, का निवडल्या, किती जणांना प्रश्नावली दिली, किती परत आल्या, हे तुम्ही स्वतः केलेले आहे, त्यामुळे ते तुकड्या-तुकड्यांनीही लिहिता येते आणि पहिली पाने हातावेगळी झाल्याने धीर येतो. त्यानंतर सर्वांत भक्कम पुरावा ज्या मुद्द्याचा आहे, ते विश्लेषणाचे प्रकरण. साहित्याचा आढावा त्याच्या मागून पुन्हा लिहावा लागतो, कारण आपल्याला काय सापडले हे कळल्यावर कोणत्या लेखकाशी आपले बोलणे चालले आहे तेही स्पष्ट होते. पहिल्या खर्ड्यातला आढावा बहुतेक वेळा ‘अमुक यांनी असे म्हटले आहे, तमुक यांनी तसे म्हटले आहे’ अशी यादी असतो. दुसऱ्या खर्ड्यात तो लेखकांनुसार न मांडता मुद्द्यांनुसार मांडा.

सलग वेळ मिळणार नाही हे गृहीत धरूनच कामाची आखणी करा. रोज लेखन थांबवून उठताना, पुढच्या वेळी कोणता परिच्छेद लिहायचा आणि त्यासाठी कोणती टिपणे लागतील, हे त्याच कागदावर लिहून ठेवा, म्हणजे मिळालेला अर्धा तास ‘मी कुठे होते’ हे शोधण्यात जात नाही. संदर्भसूची पहिल्या दिवसापासून, एकाच पद्धतीने, पुस्तक हातात असतानाच नोंदवत जा. प्रकाशनाचे वर्ष आणि आवृत्ती पुस्तकाच्या आतल्या पानावरून घ्या, वेष्टनावरून घेऊ नका, कारण पुनर्मुद्रणाच्या वर्षाला पहिल्या आवृत्तीचे वर्ष समजण्याची चूक फार होते आणि परीक्षक ती हमखास दाखवतात. प्रत्येक प्रकरण झाले की ते विषयाबाहेरच्या, पण काळजीपूर्वक वाचणाऱ्या एखाद्या सहकाऱ्याला द्या आणि ‘मी यात काय सिद्ध करते आहे?’ एवढेच विचारा. त्यांना ते एका वाक्यात सांगता आले नाही, तर भाषा सुधारत बसण्याआधी प्रकरणाचा क्रम पुन्हा तपासा.